थंड इंजिन सुरू करणारा उद्योगपती

किल्ली फिरवली की मोटार सुरू होते, याचे आज कुणालाही नवल वाटत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत मात्र मुंबईतील चालकाचा दिवस किल्लीबरोबरच चोकने सुरू होत असे. रात्रभर उभ्या असलेल्या पद्मिनीचा चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, इंजिनाने सूर धरला की चोक हळूहळू आत सारायचा. कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमधील टॅक्सीचालकापासून दक्षिण मुंबईतील डॉक्टरपर्यंत सर्वांच्या हाताला हा क्रम सरावाने बसलेला होता. चोकची तार सैल झाली, तुटली किंवा गंजून अडकली की नाक्यावरचे गॅरेज गाठावे लागे.

ही पद्मिनी चारकोपप्रमाणेच मुंबईच्या उपनगरातली. कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होत असे आणि हा कारखाना उभा राहिला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या जिद्दीमुळे. पद्मिनी या नावाची मोटार त्यांनी स्वतः कधी पाहिली नाही. ती रस्त्यावर येण्याच्या सुमारे दोन दशके आधीच त्यांचे निधन झाले होते. तरीही थंड पडलेले इंजिन सुरू करण्याची विद्या कुणाला साधली असेल, तर ती वालचंद यांनाच. त्यांच्या आयुष्यातील जवळपास प्रत्येक उद्योग प्रतिकूल हवेत, सरकारच्या उदासीनतेत आणि परकीय कंपन्यांच्या विरोधात सुरू झाला.

पहिल्या ठिणगीचे गणित

पेट्रोलचे इंजिन चालते ते पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणावर. एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी साधारण पंधरा किलो हवा लागते. इंजिन तापलेले असेल तर हे प्रमाण पुरते. इंजिन थंड असताना मात्र पेट्रोलची पुरेशी वाफ होत नाही. त्याचे थेंब थंड धातूच्या भिंतींना चिकटून राहतात आणि ठिणगीपर्यंत पोचणारे मिश्रण पातळ पडते. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली एक चपटी झडप बंद करून हवेची वाट अडवली जाते. इंजिनाची ओढ वाढते, जेटमधून जादा पेट्रोल खेचले जाते आणि इंजिन सुरू होते. ही झडप म्हणजेच चोक.

तिचे काम मात्र दोन-चार मिनिटांचेच. इंजिन तापल्यावरही चोक ओढलेला राहिला, तर न जळलेले पेट्रोल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते, स्पार्क प्लगवर काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जाते आणि इंजिनाचे आयुष्य घटते. आरंभीला जे जीवदान असते, तेच पुढे व्याधी होऊन बसते. वालचंद यांनी उभारलेल्या मोटार उद्योगाची पुढची कथा समजून घेताना हे ध्यानात ठेवणे उपयोगी ठरते.

सोलापूर ते समुद्र

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातमधील. मात्र व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन ते इथलेच झाले होते. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे सावकारी आणि कापसाच्या व्यवसायात नाव कमावलेले गृहस्थ होते. समाजसुधारणेकडे त्यांचा ओढा होता आणि जैन बोधक हे नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंद यांच्या जन्मानंतर लवकरच त्यांच्या आईचे निधन झाले. मुंबई आणि पुण्यात त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यापारात उतरले.

पेढीवर बसून हिशेबाच्या वह्या चाळणे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. रेल्वेत कारकून राहिलेले फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीचा आरंभ झाला. जैन व्यापाऱ्याचा मुलगा आणि मराठी ब्राह्मण कारकून अशी ही जोडी त्या काळात वेगळीच होती. एकाकडे भांडवल उभे करण्याची हिंमत होती, तर दुसऱ्याकडे रेल्वेच्या कामकाजाची खडान्‌खडा माहिती. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीच्या कारभारात वालचंद आले. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे अवघड काम या कंपनीने पार पाडले. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. मोठी बांधकामे युरोपीय कंपन्यांनीच करावीत हा समज मोडण्यात या कंपनीचा वाटा मोठा होता.

त्यापूर्वीच वालचंद यांचे लक्ष समुद्राकडे वळले होते. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी एक जुनी प्रवासी बोट विकत घेऊन तिचे रुग्णनौकेत रूपांतर केले होते. तिचे नाव ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर ही बोट विक्रीस निघाली. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि किलाचंद देवचंद यांना सोबत घेतले, बोट खरेदी केली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ही सफर सुखाची नव्हती. बोट जुनी होती, दुरुस्तीचा खर्च मोठा होता आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची वागणूक मदतीची नव्हती. अनुभवाने शहाणे होऊन कंपनीने आपले लक्ष मालवाहतुकीकडे वळवले. तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नवख्या कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला. कंपनी विकून मोकळे होण्याचा मोहही समोर होता. वालचंद यांनी तो नाकारला. तडजोडीच्या कराराने ताफ्याच्या वाढीवर बंधने आली, पण कंपनी तगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या अपघाती निधनानंतर अध्यक्षपदाची धुरा वालचंद यांच्याकडे आली आणि १९५० पर्यंत त्यांनी ती वाहिली.

एकाच वेळी तीन स्वप्ने

दरम्यान, शेतीकडेही ते वळले होते. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव येथे त्यांनी ओसाड जमिनीवर ऊस पिकवला आणि साखर कारखाना काढला. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर दुसरी वसाहत उभी राहिली. तीच आजची वालचंदनगर. साखर कारखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता तेथे यंत्रे घडवण्याचा उद्योग रुजला.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस वालचंद यांच्या डोक्यात एकाच वेळी तीन कारखाने घोळत होते : जहाजांचा, विमानांचा आणि मोटारींचा. या तिन्ही गोष्टी तेव्हा हिंदुस्थानात बनत नव्हत्या आणि त्या बनाव्यात अशी राज्यकर्त्यांची इच्छाही नव्हती. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या माणसाने यांपैकी एकाचा ध्यास घेतला असता, तरी ते धाडस ठरले असते.

१९३९ मधील अमेरिका दौऱ्याहून परतताना विमान प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवत होते. या ओळखीतून विमान कारखान्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्येच तेथून प्रशिक्षणाचे पहिले विमान उडाले. मात्र जपानी सैन्य पूर्वेकडून पुढे सरकू लागताच १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला आणि वालचंद यांना बाजूला व्हावे लागले. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ त्या कारखान्यात आहे.

जहाजबांधणीचा कारखाना विशाखापट्टणमला उभा राहिला. जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. युद्धामुळे काम रखडले, तरी स्वातंत्र्यानंतर १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ ही तेथे बांधलेली बोट पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. पुढे १९५२ मध्ये हा कारखानाही सरकारच्या वर्चस्वाखाली गेला. तीनपैकी दोन इंजिने वालचंद यांनी सुरू केली आणि चालवली दुसऱ्यांनी.

कुर्ल्याचा कारखाना

तिसरे स्वप्न मोटारीचे. त्याचा आराखडा मुळात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा. मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढावा यासाठी त्यांनी १९३० च्या दशकात परदेश दौरे करून सविस्तर योजना तयार केली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दर्शवली. पण १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हा आधार गेला.

वालचंद थांबले नाहीत. अमेरिकेतील फोर्ड कंपनीशी त्यांची बोलणी फळाला आली नाहीत, तेव्हा त्यांनी क्रायस्लरचे दार ठोठावले आणि १९४० मध्ये त्या कंपनीशी करार केला. यंत्रे आणण्यासाठी डॉलर हवे होते, जहाजात जागा हवी होती आणि तयार होणाऱ्या ट्रकना लष्कराची मागणी हवी होती. या तिन्ही गोष्टी दिल्लीतील सरकारच्या हाती होत्या. युद्धासाठी वाहनांची प्रचंड गरज असतानाही सरकारने या कारखान्याला हात दिला नाही. परदेशातून वाहने आणता येत असताना नवा कारखाना युद्धाच्या कामी वेळेवर येणार नाही, असा सरकारचा पवित्रा होता. इथल्या उद्योजकांना मात्र त्यामागे परदेशी मोटार कंपन्यांचे हितसंबंध दिसत होते.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली. तोवर बिर्ला यांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ मध्येच स्थापन झाली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये डॉज, डिसोटो आणि प्लिमथ मोटारी व फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. आरंभी परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्याचेच काम होते. वालचंद यांना तेवढ्यावर समाधान मानायचे नव्हते. इंजिनापासून स्क्रूपर्यंत सारे इथेच घडले पाहिजे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. इटलीच्या फियाटशी जुळलेल्या संबंधांतून छोट्या मोटारीचा मार्ग मोकळा झाला.

देह मात्र थकला होता. पक्षाघाताने त्यांना जखडले आणि १९५० मध्ये त्यांनी कामकाजातून अंग काढून घेतले. अखेरच्या दिवसांत पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. कारखान्याची सूत्रे बंधू लालचंद आणि कुटुंबातील इतरांकडे आली.

ओढलेला चोक

वालचंद गेले त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने मोटार उद्योगाविषयी महत्त्वाचा अहवाल दिला. नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांना नव्हे, तर टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करणाऱ्यांनाच परवानगी मिळावी, असा त्याचा रोख होता. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले जुळणीचे कारखाने गुंडाळले. देशी उद्योगाला जे संरक्षण वालचंद हयातभर मागत होते, ते त्यांच्या मागे मिळाले. थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळाले आणि इंजिन सुरू झाले. कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. तिचीच सुधारित आवृत्ती १९७० च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे तिचे इंजिन साधे, दणकट आणि कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होणारे होते.

या साधेपणाचा उत्तम नमुना म्हणजे तिचा चोक. तो जुळवण्यासाठी महागडी उपकरणे लागत नसत, पण नजर लागे. इंजिन थंड असताना एअर क्लीनर काढला की कार्ब्युरेटरच्या तोंडातील झडप दिसते. चोकची मूठ पूर्ण आत असताना झडप सरळ उभी, म्हणजे पूर्ण उघडी असली पाहिजे. मूठ पूर्ण ओढली की ती आडवी होऊन तोंड बंद झाले पाहिजे. तसे होत नसेल तर झडपेच्या दांडीवरील बारीक स्क्रू सैल करून तार पुढे-मागे घ्यायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. मूठ आत असताना तारेत किंचित ढील ठेवावी लागते. ती ठेवली नाही, तर झडप थोडी मिटलेली राहते आणि गाडी दिवसभर नकळत जादा पेट्रोल पिते.

तारेचे धागे तुटले किंवा ती आवरणात अडकू लागली, तर केबल बदलण्यावाचून गत्यंतर नसे. कार्ब्युरेटरकडील टोक आणि आवरणाची पकड सोडवायची, मूठ धरून ठेवणारा नट काढायचा आणि जुनी केबल चालकाच्या बाजूने ओढून घ्यायची. नव्या केबलमध्ये तेलाचे थेंब सोडून ती जुन्याच वाटेने, तीव्र वळण न देता आणि तापणाऱ्या एक्झॉस्टपासून दूर ठेवत न्यायची. जाणकार कारागीर शेवटी मूठ दोन-चार वेळा ओढून-ढकलून झडप दोन्ही टोकांपर्यंत जाते का, हे डोळ्यांनी पाहून घेत असे. मुंबईच्या उबदार हवेत चोकची गरज क्षणभराचीच. पावसाळ्यात गाडी अडली की चोकला दोष दिला जाई, पण अनेकदा खरा अपराधी ओल धरलेल्या प्लगच्या वायरी असत.

मोटार उद्योगाचा चोक मात्र कुणी वेळेवर आत सारला नाही. परवान्यांच्या राज्यात किती मोटारी बनवाव्यात, हे सरकार ठरवत असे. आयात जवळपास बंद, स्पर्धक मोजके आणि ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणारा. संरक्षणाचे पेट्रोल वाहत राहिले आणि स्पर्धेची हवा अडलेलीच राहिली. एकाच घाटाची मोटार दशकानुदशके बनत राहिली. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे वय एकाएकी लोकांच्या डोळ्यांत भरले. २००० च्या सुमारास कुर्ल्याच्या या मोटारीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. त्याआधीच शहरातील टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या होत्या. मुळातच वायुरूप असलेल्या या इंधनाची वाफ करावी लागत नाही, म्हणून चोक ओढण्याचे कारणही उरले नाही. नव्या मोटारींत संगणक आणि इंजेक्टर तेच काम चालकाला न कळता करतात आणि इंजिन तापताच जादा इंधन आपोआप कमी करतात.

मदत किती आणि कुठवर

या दोषाचे माप वालचंद यांच्या पदरात घालणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी संरक्षण मागितले ते आरंभासाठी, आणि त्यांच्या हयातीत ते कधी पुरेसे मिळालेही नाही. मदतीवाचून सुरू न होणारी आणि मदत आवरल्यावर आपल्या बळावर धावणारी गोष्ट उभी करणे शक्य असते, याचे एक उदाहरण खुद्द चारकोपमध्ये आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात म्हाडाने येथे जी योजना राबवली, तिच्यात अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना तयार इमारती न देता छोटे भूखंड, पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते देण्यात आले. घर ज्याने-त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. सहकारी संस्था करून लोकांनी ती बांधली, वाढवली आणि खाडीकाठच्या या भागात सेक्टरांची गजबजलेली वसाहत उभी राहिली. येथे सरकारचा हात आरंभापुरता होता; पुढचे बळ लोकांचे होते.

वालचंद यांच्या टीकाकारांनी त्यांना अवाच्या सवा स्वप्ने पाहणारा म्हटले, कर्जाच्या पायावर इमले चढवणारा म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. त्यांच्या योजना नेहमीच हाताशी असलेल्या पैशापेक्षा मोठ्या असत आणि त्याची झळ सहकाऱ्यांनाही बसे. परंतु पैसा आधी आणि कारखाना नंतर, असा हिशेब त्यांनी केला असता, तर जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा आरंभ आणखी लांबला असता. सर्व अनुकूल होईपर्यंत वाट पाहणाऱ्यांच्या हातून उद्योगाचा पाया घातला जात नाही.

आज वालचंदनगर हे गाव त्यांच्या नावाने उभे आहे, सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचे नाव चालवत आहे आणि दरवर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ची आठवण काढली जाते. बंगळुरूत विमाने आणि विशाखापट्टणमला जहाजे आजही बनतात. कुर्ल्याची मोटार तेवढी इतिहासजमा झाली. नव्या उद्योगांसाठी सवलती आणि संरक्षणाची मागणी आजही होते आणि काही वेळा ती रास्तही असते. अशा वेळी सवलत द्यावी की नाही, यावरच वाद झडतात. ती केव्हा आणि किती आवरती घ्यायची, हे मात्र आरंभीच ठरवले जात नाही. पद्मिनीच्या कारखान्याने मागे ठेवलेला धडा याच दुसऱ्या प्रश्नाचा आहे.